लीलाधरचे अमेरिकन वाल

अख्ख्या पूर्व खानदेशात गाण्याचा कान एकाच माणसाला आहे आणि तो माणूस अमळनेरच्या एका तेलाच्या कारखान्यात हेडक्लार्क आहे, असं लीलाधरचं स्पष्ट मत होतं! बाकीच्यांना देवानं कान दिले ते टोपी डोळ्यांवर घसरू नये म्हणून. भजनी मंडळ म्हणजे बेडकांची सभा. सनई म्हणजे सर्दी झालेला पोपट. आणि हार्मोनियम? "ते वाद्य आहे का? दमेकरी आहे तो, दमेकरी!"

लीलाधरकडे मात्र खरं वाद्य होतं. महायुद्ध संपलं, देवळालीच्या छावणीतले गोरे शिपाई सामान विकून आपापल्या देशी निघाले, तेव्हा त्यानं एकाकडून हवाई गिटार घेतली होती. विजेवरची! मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडाची कांडी फिरवायची. गिटारीची वायर एका पत्र्याच्या पेटीत जायची. त्या पेटीत काचेचे व्हॉल्व्ह दिव्यासारखे पेटायचे, आवाज मोठा करायचे, आणि तो मोठा झालेला आवाज दुसऱ्या वायरीनं लाकडी डब्यातल्या कर्ण्यातून बाहेर पडायचा. बाहेर काय पडायचं, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. शेजारच्या भागाबाईची म्हैस त्या वेळी दूध देत नसे.

त्या रविवारी फैजपूरचे पाहुणे यायचे होते. लीलाधरची धाकटी बहीण कमल त्यांना एकदा दाखवून झाली होती. मुलगा रुपचंद शिकलेला, घरच्या केळीच्या बागा. कमलनं आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडलं होतं, पण रुपचंदचं नाव निघालं की ती उगाच पाण्याचा हंडा घासायला घेत असे. मुलाचे वडील अभिमन नाना मात्र मोठे तिरपागडे. "येतो, बसतो, मग बघू सुपारीचं," एवढाच निरोप त्यांनी पाठवला होता.

"वहिनी," कमल पुष्पाबाईंना म्हणाली, "एवढं जमू द्या. आणि दादाला सांगा, त्या दिवशी ती गिटारची फळी बाहेर काढू नको म्हणावं."

पुष्पाबाईंनी नवऱ्याला सांगितलं. लीलाधर हसला. असं हसला की जणू कोणी त्याला ज्ञान म्हणजे काय ते शिकवायला आलं होतं.

"अगं, फैजपूरकरांनी जन्मात केळीच्या पानाची सळसळ सोडून काय ऐकलंय? एकदा गिटार ऐकली की म्हातारा पाघळेल! आवाज जरा कोरडा येतोय हे खरं. पण तो दोष माझा नाही, व्हॉल्व्हचा आहे. धुळ्याला जाऊन नवे आणतो. अमेरिकन! मग बघ, मधासारखा आवाज!"

आणि शुक्रवारी रजा टाकून तो धुळ्याच्या मोटारीत बसला.

इकडे भागाबाई विरजण मागायला आली. तिनं विचारलं, "भाऊ कोठे ग्यात?"

"धुळ्याला. रविवारसाठी वाल आणायला," पुष्पाबाई म्हणाल्या. व्हॉल्व्हला त्या वालच म्हणत. सगळं अमळनेर वालच म्हणत असे.

"वाल? आठे वाल भेटतस नही का?"

"यांना इथले चालत नाहीत हो. अमेरिकेचेच पाहिजेत म्हणे."

भागाबाई विरजण न घेताच परत गेली. असली बातमी हाती असताना दही कोणाला सुचतं? रेशनच्या दुकानात अमेरिकेचा गहू येतो हे साऱ्यांना ठाऊक होतं. आता वालही आले! संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की लीलाधर फैजपूरच्या व्याह्यांना रेशनच्या अमेरिकन वालांची उसळ वाढणार आहे. शनिवारी ही बातमी कोणाच्या तरी पिशवीबरोबर मोटारीत चढली आणि फैजपूरला उतरली.

धुळ्यात रतिलालच्या रेडिओच्या दुकानात लीलाधरनं टेबलावर व्हॉल्व्हची रांग मांडायला लावली. मग एकेक उचलून तो कानाशी धरायचा आणि नखानं टिचकी मारायचा. टिक्. "मुका!" टिक्. "हाही मुका!" रतिलाल गल्ल्यामागून हे पाहत होता.

"साहेब, मडकी घ्यायला आलात का?" त्यानं विचारलं.

"शेठ, तुम्ही फक्त विकता. मी ऐकतो!" लीलाधर म्हणाला आणि पुढच्या व्हॉल्व्हला टिचकी मारली. टिण्ण्ण! देवळातल्या घंटेसारखा नाद घुमत राहिला. लीलाधरनं डोळे मिटले. "हा! याला म्हणतात सूर!"

रतिलाल चपापला. हा व्हॉल्व्ह ज्यानं ज्यानं नेला त्यानं त्यानं परत आणून आदळला होता. "साहेब, तो जो वाजतो ना, त्याचं कारण असं की आत..."

"आत सूर आहे!"

"तसं नाही, त्याच्या आतल्या..."

"शेठ, तुम्हाला गाण्यातलं काही कळतं?"

"नाही."

"मग बांधा!"

कापसात गुंडाळून, डबीत घालून, वर सुतळी बांधून रतिलालनं तो व्हॉल्व्ह इतक्या प्रेमानं दिला की मुलगी सासरी पाठवतोय असं वाटावं. आणि लीलाधर मोटारीतून उतरेपर्यंत ती डबी पोटाशी धरून बसला. शेजारच्या उतारूचा कोपर लागला तर त्याच्याकडे तो खुन्यासारखा बघायचा.

रविवार उजाडला. घरात विजेचा प्लग एकच होता आणि तो होता माजघरात. म्हणून नवा व्हॉल्व्ह बसवलेली पेटी माजघरातल्या फळीवर बसली. तिथून लांब वायरी ओढून गिटार आणि कर्णा बाहेरच्या बैठकीत ठेवला. माजघरात लीलाधरची मंजुळा आत्या पानं लावत बसली होती. आत्या भली बाई, पण कानानं पार ठार. तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे आणि ती स्वतः बोलली की वेशीपर्यंत ऐकू जाई. शेजारीच चुलीवर मिरचीची फोडणी चालली होती. ठसका पाहुण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून पुष्पाबाईंनी मधलं दार घट्ट लावून घेतलं.

अभिमन नाना आले ते तोंड वाकडं करूनच. बरोबर रुपचंद आणि त्याची आई इंदिराबाई. इंदिराबाई कमलला भेटायला मागल्या अंगणात गेल्या. नाना लोडाला टेकले, पण पाठ ताठच.

"ऐकतो ते खरं हाये का?" त्यांनी विचारलं. "आमच्यासाठी अमेरिकेचे वाल आनले?"

"कळलं वाटतं!" लीलाधर फुलला. "हो नाना, मुद्दाम धुळ्याहून! निवडून निवडून एकच आणला."

"एकच?" नानांचे डोळे बाहेर आले. "इतक्या मानसांत?"

"एक पुरतो, नाना. पूर्ण बैठक भरून टाकील!"

"अन् ते आमी खायचं?"

"खायचं नाही हो! ऐकायचं!"

नानांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं जमिनीकडे पाहिलं. हे घर वेडं आहे की आपली थट्टा करतंय, हे नानांना ठरवता येईना. दोन्हींत सुपारी फोडण्यासारखं काही नव्हतं. "आमाले काही घाई नही," ते सावकाश म्हणाले. "घरी जाऊ, इचार करू, मंग कळवू." खिडकीबाहेर, मागल्या अंगणात चाललेला हंडा घासल्याचा आवाज एकदम थांबला.

लीलाधरनं ते ऐकलंच नाही. त्यानं गिटार मांडीवर घेतली, कांडी उचलली, मान तिरकी केली... आणि कर्ण्यातून धडाम् असा आवाज आला! रुपचंद उडाला. नानांची टोपी उडाली. आत मंजुळा आत्यानं पितळी तबक व्हॉल्व्हच्या पेटीवर ठेवलं होतं, एवढंच.

टिचकी मारल्यावर जो व्हॉल्व्ह घंटेसारखा घुमतो, त्याच्या आतल्या तारा सैल असतात. जवळ कोणी काही आपटलं, कोणी मोठ्यानं बोललं, की त्या तारा थरथरतात आणि यंत्र तो आवाज इमानानं मोठा करून बाहेर टाकतं. लीलाधरनं सूर म्हणून जो विकत आणला होता, तो खरं तर कान होता. आणि त्या कानाशी मंजुळा आत्या बसली होती!

"पुष्पे!" कर्णा गरजला. "तो म्हातारा भलताच खडूस दिसतो गं! अन् नाक पाहिलंस का? केळफुलासारखं लोंबतंय खाली!"

नानांचा हात आपोआप नाकाकडे गेला.

"हळू, आत्या!" ही पुष्पाबाई.

"काय? हळद?"

लीलाधर उठला. गिटारीची वायर पायात अडकून तो परत बसला. पुन्हा उठला. तेवढ्यात नानांनी त्याचं मनगट पकडलं.

"बसा!"

"नाना, मी फक्त बंद करून..."

"बंद करायचं नही! ऐकायला बोलावलं ना? ऐकू द्या!"

"अन् हा आपला लीलाधर!" कर्णा पुढे निघाला. "धुळ्याला जाऊन काचेची बाटली घेऊन आला. बरं वाजवतो का गं तो?"

"आत्या," पुष्पाबाईंना आत्याच्या कानाशी ओरडावं लागत होतं, आणि आत्याचा कान होता पेटीपाशी, "वाजवायला लागले की मी कानांत कापूस घालते!"

"काय घालतेस?"

"कापूस! सरकीसकट!"

रुपचंदनं रुमाल तोंडात कोंबला. लीलाधरचा चेहरा भट्टीतून काढलेल्या वांग्यासारखा झाला. ज्या बाईनं रोज संध्याकाळी समोर बसून मान डोलावली, तिनं! ती मान आता त्याला वेगळीच आठवू लागली. ती झोपेत डोलत होती!

तेवढ्यात कर्ण्यातून नवा आवाज आला. नानांनी तो लगेच ओळखला. संसार केला होता त्यांनी त्या आवाजाबरोबर.

"आत्याबाई, पानी द्या जरा," इंदिराबाई म्हणाल्या आणि आत्याला ऐकू जात नाही हे कळताच त्यांनीही पट्टी चढवली. "पोरगी मले पसंत हाये! रुपचंदलेही पसंत हाये!"

"अन् तुमचे मालक?" आत्यानं विचारलं.

"त्यायचं काय धरून बसल्या! घरात त्यायले कोनी इचारत नही! येतानाच म्या सांगून ठेवलं, जरा तोंड वाकडं करून बसा, मुलाकडचे आपन, मंग हो म्हना. आता बसले असतील फुगून. भूक लागली का येतील वाटेवर!"

नानांनी लीलाधरचं मनगट सोडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच्या बायकोनं कानांत कापूस घातला होता, दुसऱ्याला बायकोनं फुगवून बसवलं होतं. इतक्या जवळचे सोयरे शोधून सापडले नसते!

नानांनी टोपीची घडी सारखी केली. मग घसा खाकरून म्हणाले, "सुपारी आना."

"पण नाना, विचार करून कळवतो म्हणालात ना?"

"झाला इचार! आना म्हनतो ना लवकर! आत अजून कायकाय बोलतील, भरोसा नही!"

सुपारी फुटली. मधलं दार उघडलं, बायका हसत हसत बाहेर आल्या आणि पुरुषांची तोंडं पाहून चपापल्या. "एवढं गंभीर काय झालं? मोठमोठ्यानं भांडत होते ना तुमी?" इंदिराबाईंनी विचारलं. नाना सरळ पानाकडे निघाले. जेवणात भरीत होतं, पुरणपोळी होती. गिटार वाजवा असं कोणी म्हटलं नाही, आणि जन्मात प्रथमच लीलाधरनंही आग्रह केला नाही.

पण माणूस सुधारतो तो एका रात्रीपुरताच. सोमवारी कारखान्यातून आल्यावर लीलाधरच्या मनात विचार आला, की काल एकेक शब्द कसा स्वच्छ ऐकू आला! केळफुलातला 'ळ'सुद्धा फाटला नाही! म्हणजे व्हॉल्व्ह उत्तमच आहे, निवड चुकलेली नाही. त्यानं गिटार मांडीवर घेतली आणि कांडी फिरवली. कर्ण्यातून एक लांबलचक हंबरडा गल्लीत गेला.

आणि काय आश्चर्य! माणसं धावत आली! भागाबाई सगळ्यांत पुढे, पीठ लागलेले हात तसेच घेऊन. मागे सगळी गल्ली. ओट्यावर दाटीवाटीनं बसली आणि कर्ण्याकडे टक लावून ऐकू लागली. लीलाधरच्या डोळ्यांत पाणी तरळलं. शेवटी अमळनेरला कान आले तर!

त्यानं दुप्पट जोमानं कांडी फिरवली. थोडा वेळ गेला. भागाबाईनं आत डोकावून पाहिलं. माजघरात कोणीच नव्हतं.

"भाऊ," तिनं विचारलं, "आज कालसारखं कोनी बोलत नही का? नुसतं वाजीच राह्यनं?"

"हो," लीलाधर अभिमानानं म्हणाला. "आज नुसतं संगीत!"

"हात्तेरी!" भागाबाई पदर झटकून उठली. "मंग आम्ही जातस घर."