खिडकीतला कप

आमच्या दारावरची बेल खिल्लारे कोपरानं वाजवतात. बेल लावणाऱ्यानं ती बोटाच्या अंदाजानं लावली होती, त्यामुळे त्यांना एक खांदा खाली घालून तिरकं व्हावं लागतं, आणि आतून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस आता दार फोडणार. पाहुणे दचकले की मी सांगतो, "काही नाही, वरच्या खोलीतले खिल्लारे आहेत. आज रविवार ना, चहाला आलेत."

दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "हात धुतलेत." मग नमस्कार, तोही चार फुटांवरून. नऊ वर्षं ते आमच्या वरच्या खोलीत राहतात, पण एकदाही त्यांनी माझ्या हातात हात दिलेला नाही.

खिल्लारे हिंगोलीतल्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहेत. कॅन्सरच्या रुग्णांना किमो देतात, ती औषधं मोजून सलाईनमध्ये मिसळायची, हे त्यांचं काम. औषधं मोठी जालीम. रुग्णाच्या अंगात गेली तर गाठीशी भांडतात, आणि मिसळणाऱ्याच्या अंगावर रोज थोडी थोडी उडाली तर त्याच्याशीही. म्हणून ते हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात हात घालून काम करतात. हातमोजे एकावर एक दोन, अंगात लांब बाह्यांचा गाऊन, तोंडाला मास्क. हे सगळं उतरवून, साबणानं हात धुऊन, घरी येऊन पुन्हा आंघोळ केली तरी त्यांचा स्वतःवर भरवसा नसतो.

"मास्तर," ते मला म्हणतात, कारण मी निवृत्त शिक्षक, "दिसत न्हाई म्हणून न्हाई, असं न्हाई."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. भाजीवाल्यापासून केस कापणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालंय. चहात साखर कमी आहे अशी कुरकुर मी केली की आमची मंडळीही हल्ली त्यांच्याच आवाजात हेच ऐकवते.

नव्या सिस्टरांना शिकवायची त्यांची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. हिंगोलीत हळदीला काय तोटा! ते एका बाटलीत हळदीचं पाणी भरतात आणि म्हणतात, "हे औषध समजा. भरा सलाईनमधी." सिस्टर हसत हसत भरते, घाम पुसते, मोबाईल बघते. मग खिल्लारे तिच्या बाहीवर, पेनावर, मोबाईलवर, कपाळावर पिवळं शोधून दाखवतात. एकीच्या डब्यातल्या पोळीवर सापडलं, तेव्हा ती रडायला लागली. खिल्लारे म्हणाले, "रडा बाई, पण डोळे हातानं पुसू नका."

हाच प्रयोग त्यांनी माझ्यावरही केला. सकाळी माझ्या बोटाला ओली हळद लावून गेले आणि संध्याकाळी तपासणीला आले. चष्म्यावर होती, पेपरवर होती, आणि बायकोच्या पदरावरही होती. पदराला हात पुसायची माझी सवय मी तीस वर्षं नाकारत आलो होतो, ती त्या दिवशी पुराव्यानिशी सिद्ध झाली.

आता कपाविषयी. पहिल्यांदा चहाला बोलावलं, तेव्हा ते स्वतःचा स्टीलचा कप घेऊन आले. चहा पिऊन झाल्यावर तो स्वतः धुतला आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, गजांच्या बाहेर, उपडा घातला. "वैनी, ह्याला तुमच्या भांड्यात मिसळू नका." बायको म्हणाली, "अहो, काहीतरीच तुमचं." पण ते ऐकेनात, आणि आम्हीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. कप तिथेच राहिला.

वर ते एकटेच. बायको सुनंदा वारली, तीही ते इथे राहायला यायच्या आधीच. त्यांच्याकडे कुणी येत नाही, आणि आलाच तर त्याच्यासाठीची खुर्ची दाराबाहेर असते. गच्चीवर त्यांची कपडे वाळत घालायची दोरी पार दुसऱ्या टोकाला. वारा सुटून आमच्या चादरी त्यांच्या दोरीकडे उडायला लागल्या की हा साठीला टेकलेला माणूस धावत येतो आणि आपले दोन शर्ट उचलून घेऊन जातो. आम्ही खालून बघून हसायचो. आता वाटतं, इतकं हसायला नको होतं.

किमो झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना खिल्लारे सूचना देतात. दोन दिवस त्याची लघवी, उलटी, खराब झालेले कपडे हातमोज्यांशिवाय हाताळायचे नाहीत. ते कपडे वेगळे धुवायचे. संडासात दोनदा पाणी टाकायचं. सूचना अगदी योग्य, आणि द्यायची पद्धत अशी की ऐकणाऱ्यानं रुग्णापासून चार पावलं मागे सरावं.

एका मंगळवारी साखरा गावच्या पार्वताबाई पाचव्या किमोला आल्या. सोबत मुलगा गजानन. खिल्लाऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काळजी घेऊन राहिले ना घरी?"

"घेतो म्हंजे? शंभर टक्के, साहेब," गजानन म्हणाला. "तुमी दोन दिवस म्हणले, आमी धोकाच न्हाई घेतला. पयल्या किमोपासून मायला गुराच्या कोठ्यातच ठुलं. ताट येगळं, कपबशी येगळी. लेकरायला तर जवळ फिरकू देत न्हाई." आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

हे त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. मंगळवार असून बेल वाजली होती, आणि दार उघडल्यावर "हात धुतलेत" म्हणायचं ते विसरले होते. "चार म्हैने, मास्तर," ते म्हणाले. "चार म्हैने ती बाई गोठ्यात हाय. माझ्यामुळं. रविवारी तुमची गाडी काढता का?"

रविवारी माझ्या मोटारसायकलवरून निघालो. मागे बसलेले खिल्लारे मला धरेनात. दोन्ही हातांनी मागचं कॅरियर आवळून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला वर उडत होते. "खांदा धरा," मी ओरडलो. "नको, बराबर हाय," ते म्हणाले आणि पुन्हा उडाले.

पार्वताबाई गोठ्यात बाजेवर बसल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला, शेजारी बैल, भिंतीच्या कोनाड्यात कपबशी. साहेब आलेले बघून उठायला लागल्या. घराच्या उंबऱ्यात सात-आठ वर्षांची नात उभी होती. तिचा पाय बाहेर पडायच्या आत आईनं तिला मागे ओढलं.

खिल्लाऱ्यांनी खिशातून पुडी काढली. हळदच होती. घरातल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि पार्वताबाईंच्या उलटीच्या भांड्यावर चिमूट टाकली, मोरीत टाकली, धुवायच्या कपड्यांच्या बादलीवर टाकली. "औषध इथं आसतं. हातमोजे हितं घालायचे. अन् किमोपासून दोन दिवस. मंगळवारी झाली, आज रविवार हाय. आता बघा." ते बाजेपाशी गेले, पार्वताबाईंचे दोन्ही हात आपल्या उघड्या हातांत घेतले, आणि मग आपले तळवे सगळ्यांना फिरवून दाखवले. "काय लागलं? काई न्हाई. बाईच्या अंगाला धरू नका, असं मी कवा म्हणलं? न्हाई म्हणलं. पण धरा, असंबी न्हाई म्हणलं. ही चूक माझी हाय."

गजानन खाली बघत होता. "लेकरायला काई होऊ नये म्हणून केलं, साहेब," तो म्हणाला.

पार्वताबाई म्हणाल्या, "मला वाटलं, ह्यो आजारच तसा आसंल." मग भीत भीत विचारलं, "मंग आता पोरीच्या डोक्याला तेल घालू का?"

"घाला," खिल्लारे म्हणाले. "चांगलं चपचपीत घाला."

चहा आला तेव्हा त्यांनी कोनाड्यातली कपबशी मागून घेतली, धुवायला लावली, आणि तिच्यातूनच प्याले. मी त्यांना दुसऱ्याच्या कपातून चहा पिताना पहिल्यांदा पाहिलं.

येताना नरसीला टपरीवर थांबलो. तिथं कागदी कप होते, जे खिल्लाऱ्यांच्या मते माणसानं काढलेलं एकमेव शहाणं भांडं. पण त्या दिवशी त्यांनी त्याचं कौतुक केलं नाही.

"मास्तर, माझ्या आज्याची कपबशी गावच्या हाटेलाबाहेर कोनाड्यात राहायची," ते म्हणाले. "आतल्या कपात त्याला कदी चहा भेटला न्हाई. अन् मी एवढा शिकून काय केलं? एका बाईची कपबशी कोनाड्यात ठुली."

आमच्या गावच्या घरी गड्यांच्या कपबश्या अशाच बाहेर असायच्या, आणि आज आमच्या खिडकीत गजांच्या बाहेर एक स्टीलचा कप होता. तो त्यांनी स्वतः ठेवला होता हे खरं, पण नऊ वर्षं मला तो एकदाही खटकला नाही, हेही खरं. मला फार लाज वाटली.

चहा संपवून ते आपणहून बोलले. "आमच्या सुरवातीच्या काळात ते काचेचं कपाट न्हवतं. साधं टेबल, वर पंखा गरगरा. माझे कपडे सुनंदा घरी हातानं धुवायची. दोनदा दिवस गेले तिला. दोन्ही टायमाला राहिलं न्हाई. औषधामुळं झालं, असं कोणी म्हणलं न्हाई. औषधामुळं न्हाई झालं, असंबी कोणी म्हणलं न्हाई. तिनं मला कदी बोल लावला न्हाई, मास्तर. पण तवापासून वाटतं, आपल्यापासून माणसं लांब असलेली बरी."

हिंगोली जवळ आल्यावर गाडी एका खड्ड्यात आदळली, तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. तो काढून घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

आता रुग्णांना द्यायच्या सूचनांच्या कागदाखाली ते पेनानं एक ओळ लिहून देतात. 'रुग्णाला जवळ घ्या, सोबत जेवा.' प्रत्येक कागदावर, हातानं.

पुढच्या रविवारी सकाळी मी खिडकीतला कप आत घेतला, घासला आणि आमच्या कपांच्या रांगेत ठेवला. आमचेही स्टीलचेच. संध्याकाळी बेल वाजली, कोपरानंच. "हात धुतलेत." बायकोनं तीन कप चहा आणून ठेवला. खिल्लाऱ्यांनी खिडकीकडे बघितलं.

"वैनी, माझा कप?"

"ह्यातलाच आहे कुठला तरी," बायको म्हणाली.

ते तिन्ही कपांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील. "साबणानं धुतला व्हता?" त्यांनी विचारलं.

"दोनदा," मी म्हणालो.

मग त्यांनी एक कप उचलला. चहा निवेपर्यंत पुरवून पुरवून प्याले. प्यायल्यावर सवयीनं मोरीकडे गेले, पण या वेळी तिन्ही कप धुतले आणि तिन्ही आतल्या रांगेत उपडे घातले. दारापर्यंत गेले, चप्पल घातली, आणि तिथेच थांबले.

"मास्तर, उद्या सोमवार हाय."

"हो."

"न्हाई, रविवार न्हाई ते माहीत हाय मला. पण उद्याबी येऊ का?"