नर्मदेच्या वाटेवरचे लाल गोल

राजूच्या मते नाशिक जिल्ह्यात आजवर एकच गुप्तहेर जन्माला आला, आणि तो म्हणजे राजू. नजर घारीची, कान सशाचे, आणि मेंदूला शोभेल असा प्राणी त्याला अजून सापडायचा होता. द्वारका चौकात त्याचं मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान होतं खरं, पण ते म्हणे नुसतं सोंग, जगाला संशय येऊ नये म्हणून. ते त्यानं इतकं बेमालूम वठवलं होतं की कुणाला कधी संशय आला नाही आणि एकही केस आली नाही.

म्हणून त्या शनिवारी सगुणाबाईंचा, म्हणजे त्याच्या सख्ख्या मावशीचा, फोन आला तेव्हा गिऱ्हाइकाचं अर्धं चिकटवलेलं स्क्रीनगार्ड त्यानं तसंच सोडलं.

"राजू, आमच्या त्या वाट दाखवायच्या यंत्राला भानामती झालीय रे. आणि उद्या सकाळी निघायचंय!"

"कशालाही हात लावू नका. मी येतोय."

"नाही लावत. येताना अर्धा किलो दही आण."

यंत्र होतं मावशीच्या मुलीचं, वैष्णवीचं. ती डोंगर चढणारी, म्हणून तिच्याकडे मुठीत मावणारं जीपीएस. सातपुड्यात फोनची रेंज जाते, तेव्हा प्रवासाला तेच न्यायचं ठरलं. त्यात नकाशे नीट लावायचं काम तिच्या वडिलांनी, खंडेरावांनी, आपणहून मागून घेतलं होतं. खंडेराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य कालव्यांचं पाणी मोजलं, पण नर्मदा काही पाहिली नाही. दर वर्षी महेश्वरला जायचं ठरे, गाडी निघे, आणि दर वर्षी धुळ्याच्या पुढे न जाताच माघारी फिरे. यंदा मात्र त्यांनी कंबर कसली होती. गोवा-केरळचे नकाशे पुसून जागा केली, मध्य प्रदेश वेगळा काढला, प्रत्येक मुक्कामाचं फोल्डर केलं, पेट्रोल पंपांना एक खूण, चहाच्या टपऱ्यांना दुसरी.

"आणि आता हे बघ, राजूदादा," वैष्णवी म्हणाली. "आग्रा रोड कसा सरळ जातो? पण हे पिंपळगाव बसवंतच्या अलीकडेच खाली उतरवतंय, द्राक्षांच्या बागांतून फिरवून परत हायवेला आणतंय. चांदवडला तेच, मालेगावला तेच, धुळ्यालाही तेच. कुणीतरी तिथे लाल गोल टाकलेत. लाल गोल म्हणजे ही जागा टाळायची. पुसून टाकते, दोन सेकंदांचं काम आहे."

"खबरदार! पुरावा आहे तो!"

बोटांचे ठसे घ्यायला राजूनं मावशीचा पावडरचा डबा यंत्रावर उपडा केला. ठसा काही मिळाला नाही, पण सगळ्यांना शिंका आल्या. मग बटणांच्या फटीत त्याला शेंगदाण्याचं फोलपट सापडलं. ते त्यानं उजेडात धरलं.

"गुन्हेगाराकडे पोपट आहे."

"पोपटच कशावरून?" शेजारी शेंगा सोलत बसलेल्या खंडेरावांनी विचारलं.

"काका, माणूस एवढा पसारा करत नाही."

खंडेरावांनी मांडीवरची टरफलं हळूच मुठीत गोळा केली.

"आता नीट ऐका," राजू फेऱ्या मारू लागला. "पिंपळगावला द्राक्षं, चांदवडला कांदा, मालेगावला डाळिंब. ही फळभाजीची टोळी आहे."

"आणि धुळ्याला?" वैष्णवीनं विचारलं.

"धुळ्याला म्होरक्या. आता हे गोल जोडले की काय दिसतं? कोयता! टोळीचं चिन्ह!"

"दादा, रस्ताच तसा वळतो रे."

"मग गुप्तधन," राजूनं क्षणाचाही वेळ न घालवता टोळी बरखास्त केली. "चांदवडच्या डोंगरात पुरलेलं. कुणी तिकडे फिरकू नये म्हणून हे गोल."

एवढ्यात स्वयंपाकघरातून मावशी आल्या. प्रवासात वाटेवरच्या पाहुण्यांना द्यायचे लाडवांचे डबे हातात होते. ते टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा लावला.

"पहिला गोल कुठंय म्हणतोस?"

"पिंपळगावात. बाजाराच्या मागे, एका मोठ्या चिंचेजवळ. अतिशय संशयास्पद घर आहे, मावशी."

"अरे मुडद्या, ते तुझ्या आईचं घर आहे!"

राजूनं डोळे बारीक केले. चिंच ओळखीची वाटली खरी.

"पिंपळगावला माझी आक्काबाई," मावशी पडद्यावर बोट ठेवत गेल्या. "चांदवडला भिमाजीदादा. मालेगावला गोजराबाई. धुळ्याला भाची." मग त्या वळल्या. "अहो!"

खंडेरावांचा शेंगा सोलणारा हात थांबला.

"सगळी माझ्याच माहेरची होय! आणि तुमची नांदगावची बहीण?"

"ती वाटेत नाही."

"वाटेत नव्हती तरी गेल्या साली गेलोच होतो की! तिथंच तर वैष्णवीची सुट्टी संपली!"

"तेच म्हणतोय ना मी," खंडेराव म्हणाले. "मला कुणाचा राग नाही गं, सगुणा. सगळी लाख माणसं आहेत. पण आक्काबाईंकडे चहाला टेकलं की जेवण होतं. भिमाजी उपाशी सोडत नाही म्हणून दुसरं जेवण. गोजराबाई मुक्कामाला ठेवून घेते आणि सकाळी डिकीत कांद्याची गोणी चढवते. नर्मदा राहते तिकडेच. माझे गुडघे आता कुरकुरतात. घाटाच्या पायऱ्या उतरता येताहेत तोवर एकदा पाय बुडवायचेत पाण्यात. बस."

मावशींनी डबे उचलले आणि फडताळात ठेवून दिले.

"जाताना कुणाकडे नाही," त्या म्हणाल्या. "येताना मात्र चौघांकडेही. आणि नांदगावला नाही!"

"नाही, नाही," खंडेराव लगबगीनं म्हणाले.

"घरातलंच कुणीतरी आहे, असं मी म्हणत होतोच," राजू म्हणाला. तसं तो म्हटल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. "फी म्हणून गाडीतली मागची सीट द्या. मलाही नर्मदा बघायचीय. सकाळी द्वारकेच्या पुलाखाली उभा राहतो. आणि जाता जाता आईला नुसतं तोंड दाखवू. पाच मिनिटं!"

वैष्णवीनं आईकडे पाहिलं, आईनं खंडेरावांकडे.

"बरं," मावशी म्हणाल्या. "उभा राहा तू."

राजू जिना उतरत असताना मावशी मुलीला विचारत होत्या, "वैष्णवी, ते गोल कसे टाकायचे गं?" या वयातही नवं शिकायची हौस पाहून राजूला मावशीचं फार कौतुक वाटलं.

सकाळी तो बॅग घेऊन पुलाखाली उभा राहिला. रिक्षा आल्या, ट्रक आले, कांद्याचे टेम्पो आले. गाडी काही आली नाही. शेवटी त्यानं फोन लावला.

"अरे, यंत्र द्वारकेकडे येऊच देईना बघ!" मावशी म्हणाल्या. "पाचवा गोल पडलाय. चांदवडही मागं गेलं की आता!"

संध्याकाळी फोटो आला. खंडेराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नर्मदेत उभे, तोंडभर हसताहेत, आणि मावशी काठावर त्यांच्या चपला धरून बसल्यात. खाली वैष्णवीनं लिहिलं होतं, "बाबा बाहेर यायला तयार नाहीत."

राजूला मनापासून बरं वाटलं. पण गुप्तहेराला बरं वाटून चालत नाही. पाचवा गोल कुणी टाकला? पोपटाचा मुद्दा निकालात निघाला होता. तो दुकानाच्या दारात उभा राहून विचार करत राहिला. समोर चौक तुंबला होता, दोन बस एकमेकींना अडवून उभ्या होत्या आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते.

आणि एकाएकी त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ट्रॅफिक! द्वारका टाळावी असं नाशकात कुणाला वाटत नाही? त्यापायीच टाकला असणार गोल. इतकं साधं होतं!

केस मिटल्याच्या समाधानात तो आत वळला. कालचं गिऱ्हाईक अर्ध्या स्क्रीनगार्डसकट भांडायला येऊन बसलं होतं.