सुकाणीकाकांची पाहणी

सुकाणीकाकांना जेवायला बोलावलं की ते दोन पानं मांडायला सांगत. एक त्यांचं आणि दुसरं सारंगाचं. सारंग म्हणजे त्यांचा पोपट. पण पोपट म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते बाजूला ठेवा. हा चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन हात लांब, पाठ निळी, पोट पिवळं, आणि चोच अशी की अख्खी सुपारी अडकित्त्यावाचून फोडी. काका त्याला मकाव म्हणत. आगबोटीवर खलाशांवर ओरडणाऱ्या मुकादमाला सारंग म्हणतात, म्हणून हे नाव. आणि तो ओरडे तेव्हा आळीतल्या गाई पान्हा चोरत.

काकांनी उभी हयात परदेशी आगबोटींवर सुकाणू धरलं. ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरात हे पाखरू त्यांच्या गळ्यात पडलं. नोकरी सुटल्यावर ते मांडवीच्या रस्त्याला, आमच्या आळीच्या टोकाला राहायला आले. बायको ते समुद्रावर असतानाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या मुंबईला गोदीत कारकून. काकांच्या कोटाच्या डाव्या खांद्यावर गोणपाटाचं ठिगळ शिवलेलं असे, त्यावर सारंग बसे. "आधी पाण्याची खोली बघायची, मग नांगर टाकायचा," हे त्यांचं कुठल्याही गोष्टीवरचं मत. पावशेर भेंडी घेतानाही ते हेच म्हणत आणि प्रत्येक भेंडी मोडून बघत.

एकोणीसशे तीसच्या आसपास एका हिवाळ्यात काका एकाएकी घरोघर जाऊन बसू लागले. आमच्याकडेही आले. ओटीवर टेकले आणि चौकशा सुरू केल्या. घरात माणसं किती? तापट कोण? दुपारी कोण झोपतं? परसात ऊन किती वेळ असतं? कुसुमला, म्हणजे माझ्या मुलीला, कितवं वर्ष? आणि माझ्या माहेरची माणसं साधारण किती जगतात?

मला सतरावं लागलेली मुलगी होती, त्यांना बिनलग्नाचा पुतण्या होता, आणि जात एक. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसानं असे प्रश्न विचारले की त्याचा एकच अर्थ होतो. मी भराभर उत्तरं दिली. माझी आजी पंच्याऐंशी वर्षं जगली हे ऐकून काका इतके खूष झाले की मला वाटलं, किती लांबचा विचार करणारं घराणं.

मग त्यांनी कुसुमला सारंगाला फणसाची साठवणीतली उकडलेली आठळी द्यायला सांगितली. त्या दांडग्या चोचीनं ती तिच्या बोटांतून फूल उचलावं तशी उचलली. काकांचे डोळे भरून आले.

"पोरीच्या हाताला भीती नाही," ते म्हणाले.

मी आत जाऊन वहीत 'पसंती' असं लिहिलं.

सगळं वहीत मांडायची मला खोडच आहे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची यादी माझी होळीलाच तयार असते. लग्नाची यादी दोन दिवसांत बेचाळीस कलमांवर गेली. शेजारच्या गोदूताईंना बातमीही मीच दिली. त्या म्हणाल्या, "अगो, पण विहिणीच्या पाटावर तो पोपट बसायचा काय?" त्यांच्या घरी दोन मुली लग्नाच्या होत्या, तेव्हा मी मनावर घेतलं नाही.

बोलणी करायला राजापूरहून माझ्या थोरल्या दिरांना बोलावलं. पेढे आणले. काका इस्त्रीचा कोट घालून आले, ठिगळसुद्धा नवं होतं. सारंग खुर्चीच्या पाठीवर बसला आणि तिचा कोपरा कुरतडू लागला. सोयऱ्यांचं पाखरू म्हणून मी गप्प राहिले. दिरांनी रीतीप्रमाणे मुलाची पत्रिका मागितली.

काका गोंधळले. "मुलाची? त्याचं तर मुंबईत ठरलंय. मी सारंगासाठी आलो होतो, वयनी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ही पाखरं पन्नास-साठ वर्षं जगतात. सारंग ऐन तारुण्यात होता, काकांची छाती मात्र कामातून गेली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आपल्यामागे तो कोणाकडे राहील, हे ठरवायला त्यांनी आळीतली सगळी घरं पाहिली, आणि त्यांतून आमचं पसंत केलं.

दीर हसले. आमचे हेही हसले. गोदूताईंच्या खिडकीतूनही हसणं ऐकू आलं. मला हसता आलं नाही. मी जे बोलले ते कागदावर उतरवताना आजही मान खाली जाते. मी म्हणाले, "माणसं टाकून पाखरं पोसलीत, म्हणून पोटचं कोणी नाही तुम्हाला. आता फिरा पाखरासाठी दारोदार."

हसणं थांबलं. काका उठले. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. मग कुसुमकडे वळले. "पोरी, तुझ्या नावानं घोळ झाला. चूक माझी." आणि सारंगाला खांद्यावर घेऊन निघून गेले.

त्यानंतर ते कोणाच्याच ओटीवर बसले नाहीत. महिनाभर मी त्यांच्या घरावरून जायचं टाळलं, बाजाराला लांबच्या वाटेनं गेले. शेवटी एका दुपारी माफीची चार वाक्यं पाठ करून निघाले. काका घरात नव्हते. ते घराबाहेर, आवाराभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्याआड, भर उन्हात जमिनीवर बसले होते. तोंडावर उपरणं दाबून धरलेलं. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते पुटपुटले. "खोकला ऐकू गेला तर त्याला कळेल, मी इथंच आहे."

ते रोज असे बसत होते. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, आता तास होत आला होता. आपल्यावाचून राहायची सवय ते सारंगाला लावत होते.

"मी नाही म्हणून ओरडत राहिला, तर कोण ठेवून घेईल त्याला?"

माफीची वाक्यं बाजूला ठेवली. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. तेवढ्यात आतून सारंग ओरडला. काका अर्धे उठले, आणि गडग्याचा चिरा धरून पुन्हा खाली बसले. तो दुसऱ्यांदा ओरडला. काकांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही बसा काका," मी म्हणाले. "मी जाते."

दार ढकलून आत गेले. सारंग गप्प झाला, पण माझ्याकडे पाहीना. माझ्या मागे उघड्या राहिलेल्या दाराकडे पाहत राहिला, अजून कोणीतरी यायचं असल्यासारखा. मी हात पुढे धरला. हाताला रग लागली तरी खाली घेतला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

काका गडग्याआडच थांबले, आत आले नाहीत.