रेषेच्या आधी दोन पावलं

"सामना मैदानात नव्हे, मनात जिंकला जातो," असं प्रबुद्धने आठ फुटी फ्लेक्सवर छापून घेतलं आणि तो वाकोल्यातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्याच्या आईने, म्हणजे शकुताईंनी, डोकं बाहेर काढलं.

"मनातच जिंकायचं तर लोक मैदानासाठी भांडतात कशाला रे? आणि वर ओढ तो. माझ्या चादरींचं ऊन अडलंय."

प्रबुद्धने फ्लेक्स हातभर वर घेतला, तत्त्व मात्र जागचं हलवलं नाही. विमा कंपनीत अकरा वर्षं लोकांना 'सकारात्मक कसं राहावं' हे शिकवून तो स्वतः पुरता वैतागला होता. शेवटी नोकरी सोडून त्याने सहा महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला आणि तो खेळाडूंचा मानसिक प्रशिक्षक झाला. आता फक्त एक खेळाडू मिळायचा बाकी होता.

तो दादूकाकांनी दिला. दादूकाका वस्तीतल्या मुलींच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या दहा बोटांपैकी सरळ अशी चारच होती. बाकीची आपापल्या जुन्या सामन्यांच्या दिशेने वळलेली.

"आमची सपना," काका म्हणाले, "सरावात वाघीण. सामन्यात दोघींना शिवून परत फिरते आणि रेषेच्या आधी दोन पावलं हिचे पाय गोठतात. त्या दोन पावलांपायी दोन वर्षं उपनगर जिल्ह्याच्या संघात नाव नाही. यंदाची निवड गोरेगावच्या स्पर्धेतून आहे. नाव लागलं तर तू आमच्या मंडळाचा कायमचा. नाही लागलं तर गुपचूप विम्याकडे परत. कबड्डीचं आठवतंय ना काही?"

"काका, मन सगळ्या खेळांचं एकच असतं."

हे वाक्य अभ्यासक्रमाच्या चौथ्या धड्यात होतं. पाचवा धडा 'आधी खेळ समजून घ्या' असा होता, पण त्या दिवशी नेट गेलं होतं.

सपना औषधांच्या दुकानात काम करायची, वय चोवीस, बोलणं मोजकं. समाजमंदिराच्या जिन्यावर पहिली बैठक झाली. दादूकाका मागोमाग येत होते, त्यांना प्रबुद्धने दारातच थांबवलं. "हे गोपनीय असतं, काका." काका आयुष्यात पहिल्यांदाच गोपनीयतेच्या बाहेर उभे राहिले.

"छाती नेमकी कधी धडधडते?" प्रबुद्धने विचारलं.

"परत फिरताना. रेषा दोन पावलांवर आली की."

"मग तिथेच थांबायचं. डोळे मिटायचे. चार आकडे मोजत खोल श्वास आत घ्यायचा."

"तिथे? पण सर..."

प्रबुद्धने हात वर केला. "सपना, 'पण' हा मनाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. आजपासून हा शब्द बंद."

"पण..."

"बघ, आलाच."

तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगी शिस्तीची होती. तीन आठवडे रोज त्या जिन्यावरून पन्नास वेळा उतरली. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या की थांबायची, डोळे मिटायची, श्वास घ्यायची. मागून बुद्धवंदना आटोपून उतरणाऱ्या बायका एकमेकींवर आदळायच्या, पण तक्रार करायच्या नाहीत. त्यांना ते ध्यान वाटायचं. गुण मात्र येत होता. तिला झोप लागू लागली. डॉक्टरांचं अक्षरही आता तिला घाबरवत नव्हतं. सरावात हा उपाय वापरायची वेळ आली नाही, कारण सरावात छाती धडधडतच नव्हती.

गोरेगावला अंतिम सामना खारदांड्याशी पडला. शेवटची चढाई, वाकोला एका गुणाने मागे. प्रबुद्ध पहिल्या रांगेत, मांडीवर वही. सपना आत शिरली, डावीकडच्या गड्याला शिवली, खारदांड्याच्या कप्तान फ्रेडाच्या खांद्याला बोटं लावली आणि वळली. मागे कुणी नव्हतं. रेषा दोन पावलांवर आली.

सपना थांबली. डोळे मिटले. आणि तिने श्वास घेतला. सावकाश, खोल, चार आकडे मोजून. इतका सुंदर श्वास उपनगरात कुणी घेतला नसेल.

साऱ्या हॉलमध्ये एकच माणूस उठून टाळ्या वाजवत होता.

कबड्डीत दम तुटला की गडी बाद, हे वाकोल्यात पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. प्रबुद्धलाही पाचव्या वर्षी माहीत होतं. पुढे शिक्षण झालं. चौथ्या टाळीला ते आठवलं, आणि पंचांची शिट्टी वाजली तेव्हा त्याचे हात हवेतच होते. फ्रेडाने येऊन त्यांतला एक धरला आणि मनापासून हलवला. "थँक यू, सर."

तासाभराने यादी लागली. सपनाचं नाव सगळ्यात खाली, राखीवमध्ये. नाव लागलं म्हणावं की नाही, हे दादूकाकांनाही ठरवता येईना. तिघं हॉलच्या पायऱ्यांवर बसले.

"तू तीनदा सांगायला आलीस," प्रबुद्ध म्हणाला. "मी ऐकलं नाही. लोकांच्या मनात शिरायचं म्हणून नोकरी सोडली आणि दारातूनच भाषण देऊन परत आलो."

सपना बुटांच्या नाड्या सोडत होती. "सर, पाय नाही गोठले आज. पहिल्यांदाच. डोळे उघडले तर रेषा, मॅट, पंच शिट्टी तोंडाकडे नेताना, सगळं स्वच्छ दिसलं. भीती नव्हती. फक्त बाद झाले."

दादूकाकांनी आपलं एक वाकडं बोट प्रबुद्धवर रोखलं. "श्वास चढाईच्या आधी घ्यायचा असतो, शहाण्या. उपाय चांगला आहे तुझा, जागा चुकली. उद्या सकाळी सहाला ये. हाफ पँट घालून. आधी तू चढाई करायची, मग हिला शिकवायचं."

प्रबुद्धने वही मिटली. तो उभा राहिला. आठ फुटी फ्लेक्सवर मावणार नाही असं काहीतरी त्याच्या आत तयार होत होतं.

"सपना, आजपासून मी खेळाडूचं ऐकणार. सगळं. 'पण'सकट. बोल, तुला माझ्याकडून काय हवंय? काहीही माग."

सपनाने डोळे मिटले. चार आकडे मोजत खोल श्वास घेतला.

"पुढच्या वेळी टाळ्या तेवढ्या वाजवू नका, सर."