तिखटाचा शंकू

भोयर सरांना लग्नाचं आवतण द्यायला लोक बिचकत. पंगत बसायची वेळ झालेली, आणि हे कोठीच्या खोलीत बुंदीच्या ढिगाला सुतळी गुंडाळून उकिडवे बसलेले. "थांबा ना गा! ढिगाचं घनफळ काढून राहिलो!" वाढपी खोळंबलेले, मुलीचा बाप तापलेला. बुंदी पुरणार की नाही, हे मात्र सर अचूक सांगत.

नागपुरात आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी मराठी. त्यांचं एकच म्हणणं, "गणित कानातून नाई जात, हातातून जाते." त्यामुळे त्यांच्या वर्गात पुस्तकं कमी आणि डबे, पुठ्ठे, रेती जास्त. मुख्याध्यापकांना हा पसारा बघवत नसे. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं सामान अडगळीत टाकलं आणि बजावलं, "उद्या फक्त खडू आणि फळा. साहेबांसमोर हे खेळ दिसले, तर मॅट्रिकचा वर्ग काढून घेईन."

सरांचा चेहरा उतरला. त्या वर्गावर त्यांचा भारी जीव.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या पाण्याची जबाबदारी माझ्याकडे, म्हणून मी वर्गातच होतो. साहेबांनी नेमकं शकूला उठवलं. ही पोरगी वर्गात कधी तोंड उघडत नसे.

"शंकूचं घनफळ काढताना तिनानं का भागायचं?"

शकूची नजर नेहमीचे डबे-पुठ्ठे शोधायला लागली. मुख्याध्यापक भोयर सरांकडे खाऊ की गिळू असे बघायला लागले. शेवटी ती पुटपुटली, "सर, करून दाखवू का?"

सरांनी एकदा मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "कर वं पोरी. मंग होईल ते होईल."

तिनं टेबलावरचा खडूंचा गोल डबा रिकामा केला. आपल्या वहीचा पुठ्ठा फाडून, गुंडाळून त्याच्या मापाचा शंकू केला. तोंड तेवढंच, उंची तेवढीच. आता भरायचं काय? रेती तर अडगळीत. कोपऱ्यात एक पिशवी होती. मुख्याध्यापकांनीच सरांकरवी भिवापूरहून मागवलेलं तिखट! शकूनं तीच उघडली. एक शंकू ओतला, दुसरा ओतला, तिसऱ्याला डबा काठोकाठ भरला आणि अख्खा वर्ग शिंकायला लागला. साहेब दाराबाहेर पळाले. तिथूनच रुमालाआडून ओरडले, "एक... आक्छी! एक तृतीयांश! शाब्बास, पोरी!"

मग डोळे पुसत मुख्याध्यापकांना म्हणाले, "मॅट्रिकला हेच मास्तर ठेवा. बाकीच्या मास्तरांनाही यांच्या तासाला बसवा." मुख्याध्यापक मान हलवत होते, नजर मात्र आपल्या तिखटावर.

पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं, आम्ही चहा पाजला. संध्याकाळी निघताना सर फाटकापाशी घुटमळले.

"घरी चाल ना गा थोडा वेळ. बायको जिती होती तवा दारातच विचारे, आज काय केलं पोराईनं? आज सांगाले लय आहे, अन् घरात कोनी नाई."

मी त्यांच्यासोबत निघालो. त्यांनी घराचं कुलूप काढल्यावर मी आधी आत शिरलो आणि वळून विचारलं, "काय भोयर, आज काय केलं पोराईनं?"

सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी सर उंबऱ्यावरच थांबले आणि हातवारे करत, अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.