उस्ताद शहाताचा रीतसर कारखाना

कायदा पाळणाऱ्या माणसाची नोंद ठेवण्याची सोय जगातल्या कुठल्याच कचेरीत नसते, आणि ते योग्यच आहे. कायदा मोडणारा निदान काहीतरी करतो. त्याने केलेलं टेपने मोजता येतं, त्याचा फोटो निघतो, फोटोवर क्रमांक पडतो. पाळणारा नुसता बसून असतो. त्याचं लिहायचं काय?

मीत शलबाया गावच्या उस्ताद शहाताला ही साधी गोष्ट चोपन्न वर्षं कळली नव्हती. शहाता खुर्च्या करायचा. कैरोचे व्यापारी त्या घेऊन जात आणि दुप्पट भावात इटालियन म्हणून विकत, म्हणजे खुर्च्या चांगल्या असणार. तीस वर्षं तो एका भाड्याच्या गाळ्यात राबला. आता गाळामालकाच्या जावयाला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, आणि बडी ईद झाली की गाळा रिकामा करायचा असं ठरलं होतं. घरामागे कालव्याकाठी शहाताची वडिलार्जित मोकळी जागा होती, गावाच्या हद्दीत, भांडणतंटा नसलेली. तिथे एक पेरूचं झाड होतं. शेजारी चार भिंती आणि वर पत्रा, एवढंच त्याला हवं होतं. तेवढं झालं नाही, तर लाकूड कापायचं यंत्र रस्त्यावर आणि दोन कारागिरांच्या चुली थंड.

गावातला दुसरा कोणीही असता, तर त्याने ईदची वाट पाहिली असती. ईदला इमारत खात्याचे इंजिनिअर चार दिवस सासुरवाडीला जातात आणि गावभर काँक्रीटचे मिक्सर फिरू लागतात. पाचव्या दिवशी लोक उठून बघतात तो शेजाऱ्याचा मजला वाढलेला असतो. मग मुबारक म्हणून चहा पितात. (गावात एकूण सहाशे बारा इमारती. रीतसर परवान्याने बांधलेल्या दोन. एक पोलीसचौकी, आणि दुसरी पोलीसचौकीच्या परवान्याच्या नकलेवर बांधलेली.)

पण शहाता नाकासमोर चालणारा माणूस. त्याने परवाना मागायचं ठरवलं.

"अहो, ताप आलाय का तुम्हाला?" बायको वगीदाने त्याच्या कपाळाला हात लावून विचारलं.

परवान्याला सतरा कागद लागतात. यादी फार विचारपूर्वक केलेली आहे. मालकीचा दाखला. मालक हयात असल्याचा दाखला. जमीन ही जमीनच असल्याचा दाखला (माती तीन पिशव्यांत द्यायची, एक पिशवी परत मिळते). शेजाऱ्याची हरकत नसल्याचं पत्र, आणि हरकत घेण्याइतकी अक्कल शेजाऱ्याला असल्याचं डॉक्टरी पत्र. सोळावा कागद अग्निशमनाचा: आग विझवायचं नळकांडं जमिनीपासून दीड मीटरवर, इमारतीत जागच्या जागी टांगल्याचा फोटो. इमारत नव्हती, कारण परवाना नव्हता. परवाना नव्हता, कारण फोटो नव्हता. इथे भल्याभल्यांचं घोडं पेंड खातं. शहाताने मात्र टेप लावून दीड मीटर मोजलं आणि नळकांडं पेरूच्या बुंध्याला टांगलं. शेजारी उभं राहून फोटो काढला. अग्निशमनवाल्यांनी तो मंजूर केला. शेरा होता, "भिंत: खडबडीत."

या सगळ्यात चार महिने गेले. ईद पंधरा दिवसांवर आली, तेव्हा शहाता सतरा कागद घेऊन इमारत खात्याच्या मुख्य कारकून मॅडम बुसैना यांच्यासमोर उभा राहिला. मॅडमच्या टेबलावर डावीकडे फायली असत आणि उजवीकडे सोलायचे मटार, आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांची कधी अदलाबदल झाली नव्हती.

मॅडमनी सगळे कागद वाचले. परत वाचले. मग चष्मा काढला.

"सतराच्या सतरा बरोबर आहेत हो, उस्ताद!"

"मग परवाना?"

"तो कसा मिळेल? इतके बरोबर कागद आमच्याकडे कधी आलेच नाहीत. हे तपासायला एक माणूस होता, तो हात न चालवताच निवृत्त झाला." त्यांनी एक शेंग सोलली. "राग मानू नका, पण चूक तुमची आहे. तुम्ही बांधायच्या आधी आलात."

"मग कधी यायचं?"

"बांधून झाल्यावर! मी उल्लंघनाचं प्रकरण केलं असतं. प्रकरण झालं की क्रमांक, क्रमांक झाला की दंड भरून समेट, आणि समेटावर सरकारी गरुडाचा शिक्का. संपलं! तुमच्या शेजारचे हाजी अब्दुश्शाफी बघा. कालव्यात पाय रोवून पाच मजले उभे केलेत बाबाने. वीज आहे, पाणी आहे, दारावर पाटी आहे. तुम्ही काय मोडलंय?"

"काहीच नाही," शहाता म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला या गोष्टीची लाज वाटली.

"मग आज रात्रीच बांधतो," तो पुढे म्हणाला.

"आज? आजचं आम्ही पाडतो. समेट फक्त गेल्या वर्षाच्या आधीच्या गुन्ह्यांना आहे. नवीन गुन्हेगार घेणं बंद केलंय." मॅडम मनाने चांगल्या होत्या. त्या पुढे वाकल्या. "पण तुमचा कारखाना सहा वर्षांपासून तिथे उभाच आहे, असं चार भल्या माणसांनी लिहून दिलं, तर नाही म्हणणारी मी कोण? मी काही बघायला येत नाही. माझे गुडघे दुखतात."

शहाता घरी आला आणि जेवला नाही. खोटं लिहायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण गाळ्यात गेला की ते दोघे कारागीर काही न विचारता त्याच्या तोंडाकडे बघत, आणि ते बघणं त्याला सोसेना. तिसऱ्या दिवशी त्याने अर्ज लिहिला: मी, खाली सही करणार, सहा वर्षांपूर्वी विनापरवाना कारखाना बांधला असून मला त्याचा पश्चात्ताप होत आहे.

साक्षीदार मिळायला वेळ लागला नाही. हाजी अब्दुश्शाफी तर आपणहून आले.

"अरे, सहा काय, दहा लिही! आणि तुझ्या यंत्राच्या आवाजाने माझी दुपारची झोप उडते, अशी तक्रारपण घालतो. म्हणजे कसं, खरं वाटेल." तक्रार त्यांनी इतकी मन लावून लिहिली, की दोन दिवसांनी खरंच वगीदाकडे येऊन म्हणाले, "वहिनी, शहाताला सांगा ना, दुपारचा नमाज झाल्यावर तासभर तरी बंद ठेव म्हणावं."

पाहणीला इंजिनिअर रगाई आले. त्यांनी पुदिन्याचा चहा घेतला आणि मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

"कारखाना कुठाय?"

शहाताने त्यांचा पेला पुन्हा भरला. मग त्यांची नजर पेरूवर गेली.

"ते काय?"

"अग्निशमन."

"मंजूर?"

"मंजूर, साहेब."

इंजिनिअरसाहेबांचा चेहरा खुलला. कारखाना नसता, तर अग्निशमनवाल्यांनी कारखान्यातल्या नळकांड्याला मंजुरी दिलीच नसती, आणि एका खात्याने दुसऱ्या खात्यावर अविश्वास दाखवणं बरं दिसत नाही. त्यांनी लिहिलं: "भिंती: नजरेच्या आड येत नाहीत. छत: पुरेसं उंच. हवा व उजेड: विपुल. उल्लंघन: संपूर्ण."

ईदच्या दोन दिवस आधी समेट हातात पडला, गरुडाच्या ओल्या शिक्क्यासकट. वगीदाने परातभर रव्याचा गोड बसबूसा केला आणि गल्लीत वाटला. वीजवाले मीटर घेऊन आले, पाटीवाले पाटी घेऊन, आणि दुसरं काही नसल्यामुळे दोन्ही गोष्टी पेरूला ठोकून गेले.

ईदच्या पहिल्या दिवशी, गावाच्या रिवाजाप्रमाणे, शहाताने विटा उतरवल्या. पहिली ओळ लावतो तोच इंजिनिअर रगाई समोर हजर. मीत शलबायाच्या इतिहासात सुट्टीच्या दिवशी इंजिनिअर आल्याची ही पहिलीच नोंद. याचं कारण सरळ आहे. बेकायदा इमारतीला पत्ता नसतो, मग तपासायला जायचं कुठे? यंदाच्या फायलींत पत्ता असलेली जागा आता ही एकच होती.

"उस्ताद, हे काय चाललंय?"

"भिंत घालतोय, साहेब."

"भिंत आहे ना तुमची." इंजिनिअरसाहेबांनी कागद दाखवला. "'इमारत आहे त्या स्थितीत ठेवावी, एका विटेचाही फरक करू नये.' कायदेशीर इमारतीच्या आत दुसरी इमारत बांधायची तर नवा परवाना लागेल. सतरा कागद. आणि वर ही इमारत पाडल्याचा दाखला, तो अठरावा." हे त्यांना ओरडून सांगावं लागलं, कारण शेजारी हाजींच्या सहाव्या मजल्याचा मिक्सर चालू होता.

शहाताचा तोल गेला. "साहेब, डोळे आहेत ना तुम्हाला? इथे काही नाहीये! काही म्हणजे काही नाही!"

"दिसतंय मला," इंजिनिअरसाहेब हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "पण आहे म्हणून सही तुम्हीच केलीय, उस्ताद."

शहाताने हातातली वीट खाली ठेवली.

यंत्र आता झाडाखाली चालतं. कारागीर दोघंही टिकले. पाऊस आला की तिघं घरात पळतात आणि वगीदा ओल्या लाकडाच्या नावाने सरकारचा उद्धार करते. काम निम्म्यावर आलं आहे आणि शहाता पूर्वीइतका बोलत नाही. नगरपालिकेने मात्र गेल्या महिन्यात त्याला आदर्श बांधकामाचं प्रशस्तिपत्र दिलं. सगळ्या गावच्या तपासणीत एकही तडा न सापडलेली इमारत ती एकच निघाली.

वाचताना आपल्याला हसू आलं असेल, तर येऊ दे. फक्त एवढं करा. आपल्या सोसायटीचा मंजूर नकाशा कपाटातून काढा. त्यात आणीबाणीचा दुसरा जिना आहे, आगीसाठी गच्चीवर वेगळी टाकी आहे, आणि आपण आत्ता पाय पसरून वाचत बसला आहात त्या खोलीच्या जागी बाल्कनी आहे. उठून शोधून बघा. सापडलं नाही तरी घाबरू नका, किल्ली घेताना सगळं पाहून घेतल्याची सही आपलीच आहे. शहाताच्या डोक्यावर निदान कोसळण्यासारखं काही नाही. आपल्या डोक्यावर किती मजले आहेत?