सात मिनिटांचा गुंडा

ज्या माणसानं घरातले सगळे पंखे स्वतः बसवले, त्याला लोकरीचा एक गुंडा करायला कितीसा वेळ लागणार? सात मिनिटं! सासूबाईंना मी तसं छातीठोकपणे सांगून टाकलं.

सासऱ्यांच्या वाढदिवसासाठी त्या तीन महिने स्वेटर विणत होत्या. आता एक बाही राहिली होती आणि बाहीपुरती एकच लड. त्यांचा खांदा धरला होता, म्हणून धुऊन, सावलीत वाळवून त्यांनी ती माझ्या हवाली केली. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्यांनी मला काम सांगितलं ते हे पहिलंच!

"जावईबापू, लड आधी खुर्चीच्या पाठीवर चढवा, मगच तिचे दोरे कापा. गुंडा सैल करा हं. ही छटा आता दुकानात मिळत नाही."

"आई, तुम्ही अगदी निश्चिंत राहा!"

घरी येताच मी ड्रिल मशीन काढलं आणि त्याला पुठ्ठ्याची नळी लावली. लड चार ठिकाणी दोऱ्यांनी बांधलेली होती. कात्री हातात होतीच, म्हणून आधी ते दोरे कापले. मग लड खुर्चीवर चढवायला गेलो, तर ती सुटलेल्या अंबाड्यासारखी खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर पसरली! तरी एक टोक सापडलं. ते नळीला चिकटवून मी बटण दाबलं.

पहिले दोन सेकंद फार सुंदर गेले.

तिसऱ्या सेकंदाला खुर्ची चालायला लागली! थेट माझ्या अंगावर! मी मागे सरकलो, लोकर चष्म्यात अडकली, चष्मा नळीला गुंडाळला गेला, आणि बटण काही सापडेना! शेवटी बायकोनं धावत येऊन प्लग उपटला.

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"थोडा गुंता झालाय."

थोडा! त्यात माशी शिरली असती तर तिची नातवंडंच बाहेर पडली असती.

तासभर आम्ही दोघं सोडवत बसलो. एक गाठ सुटली की दोन नव्या तयार! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: गरम पाण्यानं लोकर सैल पडेल! कढत पाण्याच्या बादलीत ती बुडवली आणि काठीनं खसाखसा ढवळली. घोंगडं भिजत पडतं म्हणतात ना, तसं आमचं खरोखरच पडलं. बाहेर काढलं तेव्हा ते आक्रसून पायपुसण्याएवढं झालं होतं, आणि इतकं घट्ट की सुईसुद्धा शिरेना! मी ते परत बादलीत टाकलं आणि बाथरूममध्येच बसलो.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. बायकोनं घेतला.

"आई, ड्रिल मशीन लावलं गं त्यानं! आता काही उपयोग नाही. हातचं गेलं!"

पलीकडून एक किंकाळी, आणि फोन बंद.

वीस मिनिटांत सासू-सासरे दारात! सासूबाईंच्या डोळ्यांना धारा, आणि सासऱ्यांच्या हातात बर्फाची पिशवी. माझा तुटलेला हात ठेवायला!

"कुठला गेला हो? उजवा की डावा?"

मी दोन्ही हात वर केले. "हात आहेत, आई! लोकर गेली."

त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. दहाही बोटं चाचपली. मग बादलीत पाहिलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं! पण त्या नुसत्या स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तीन महिने..." धरणी काही पोटात घेईना.

सासऱ्यांनी मला गॅलरीत ओढलं. आता ऐकावं लागणार, म्हणून मी मान खाली घातली.

"उपकार झाले तुमचे!" ते कुजबुजले. "अहो, लोकर चावते मला. पस्तीस वर्षं तिला सांगायची हिंमत झाली नाही!"

एवढ्या शरमेतही मला हसू फुटलं. चला, कुणाचं तरी भलं झालं!

"मग आता त्या स्वेटरचं काय, बाबा?"

ते आत जाऊन पाहून आले. "सगळा उसवणार म्हणतेय. उरलेल्या लोकरीत बारीक माणसाचा होईल, बाह्यांसकट." त्यांनी माझी नजर चुकवली. "आत जा. टेप घेऊन बसलीय तुमच्यासाठी."